देवगावच्या कॅनमधलं दूध

दूध आधी नाकानं तपासायचं, मग जिभेनं आणि सगळ्यात शेवटी यंत्रानं. उमेदवारीच्या काळात मला हे एका म्हाताऱ्या केमिस्टनं शिकवलं, आणि नोकरीभर मी त्याच क्रमानं चालले. कॅनचं झाकण उघडलं की पहिल्या वाफेतच निम्मं कळतं. गोठा ओला आहे का, गाईनं कांद्याची पात खाल्ली का, दूध काढून किती वेळ उन्हात ठेवलं होतं. आमच्या संकलन केंद्रावरची माणसं माझ्या नाकाची थट्टा करायची. एकजण तर म्हणायचा, "मॅडमला दुधाचा वास दिला तर गाईचं नाव सांगतील." तेवढं काही येत नव्हतं, पण थट्टा ऐकायला बरं वाटायचं, हे कबूल करते.

सेवानिवृत्त होण्याआधीची काही वर्षं मी एका छोट्या सेंद्रिय दूध मंडळात काम केलं. त्याआधी मोठ्या डेअरीत होते, पण तिथं दूध म्हणजे टँकर. इथं दूध म्हणजे माणसं. पैठण रस्ता, कन्नडकडचा पट्टा आणि शेंद्र्याच्या पलीकडची दोन-तीन गावं, एवढाच आमचा पसारा. सकाळी दूध यायचं, तपासून काचेच्या बाटल्यांत भरायचं आणि शहरात घरोघर जायचं. मी रुजू झाले तेव्हा बाटलीवर औरंगाबाद छापलेलं होतं, सोडलं तेव्हा छत्रपती संभाजीनगर. दुधात मात्र फरक पडू द्यायचा नाही, ही माझी जबाबदारी.

सेंद्रिय दूध म्हणजे काय, हे मला लग्नकार्यातसुद्धा लोक विचारतात. सोपं आहे. गाय जे खाते ते रासायनिक खतावर, फवाऱ्यावर वाढलेलं नसावं. गाय आजारी पडली तर औषध जरूर द्यावं, पण औषधाचा अंश निघून जाईपर्यंत तिचं दूध बाजूला ठेवावं. म्हणजे खरं काम कासेपाशी नाहीच, गव्हाणीपाशी आहे. म्हणून माझी सकाळ केंद्रावर जायची आणि दुपार लोकांच्या शेतात, चारा हातात घेऊन बघण्यात.

एकदा पैठणकडच्या एका शेतकऱ्याचं दूध अचानक पातळ लागायला लागलं. फॅट उतरलं. केंद्रावरच्या पोरांनी परस्पर त्याला पाणी घालणारा ठरवून टाकलं. गृहस्थ तावातावानं आले. "मॅडम, आमच्या घरात माळ हाय, तुळशीची! मी पाणी घालीन?" मी म्हटलं, "तुम्ही नाही घातलं, तुमच्या गवतानं घातलं." झालं असं होतं की, विहिरीला पाणी चांगलं म्हणून ते गाईंना नुसता कोवळा हिरवा चारा टाकत होते, कडबा बंदच. हिरव्यानं दूध वाढतं, पण गाईला रवंथ करायला काही कोरडं, खरबरीत लागतं. ते मिळालं नाही की दुधातली साय पळते. मी त्यांना अर्धी पेंढी कडबा रोज कुट्टी करून द्यायला सांगितलं. पंधरवड्यात फॅट जागेवर आलं. नंतर ते गृहस्थ गावात सांगत फिरले की, मॅडमनं गाईला मंतर घातला.

अशा गोष्टी सांगायला बसले तर पानं पुरणार नाहीत. पण मला लिहायचं आहे ते देवगाव रंगारीच्या अण्णांबद्दल. ते सांगायचं बरीच वर्षं टाळलं.

अण्णा म्हणजे साठी ओलांडलेला उंच, वाळका माणूस. गावाबाहेर मळा. गीर आणि गावरान मिळून दहा-बारा गाई. थोरला मुलगा गणेश शेंद्र्याच्या एका कंपनीत होता, शहरातच राहायचा, आणि दर सणाला आला की, गाई विकून टाका म्हणायचा. मळा सांभाळायची ती मुलगी, संगीता. नवरा गेल्यावर लहान लेकीला, ओवीला, घेऊन ती माहेरी आली होती. दूध काढणं, कॅन धुणं, लसूणघासाला पाणी देणं, सगळं तिच्या अंगावर. चारा मात्र अण्णांच्या ताब्यात. गव्हाणीत टाकायची प्रत्येक पाटी आधी त्यांच्या हाताखालून जायची. मुरघासाचा, म्हणजे दाबून आंबवलेल्या चाऱ्याचा, खड्डा उघडला की चिमूटभर तोंडात टाकून चघळायचे. "ह्याला आंब्याच्या लोणच्यावानी चव आली पायजे," असं म्हणायचे. खरंच तशीच आंबूस चव यायला हवी असते.

अण्णांचं दूध आमच्याकडचं पहिल्या नंबरचं. दुसऱ्यांचं दूध चांगलं असलं की चांगलं लागायचं, यांच्या दुधाला स्वतःची अशी गोडी होती. शहागंजकडं एक चाचा फिरनी आणि खव्याची मिठाई करायचे, ते आमच्याकडून रोज एक कॅन घ्यायचे आणि अडून बसायचे. "मॅडम, देवगाववाला आया क्या? नहीं आया तो रहने दो, आज दुकान बंद रखता हूं." दुकान काही ते बंद ठेवत नसत, पण दुसरं दूध दिलं की दिवसभर फोन करून मला त्याचा हिशेब मागत. मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या चाचाला एकदा इकडं घेऊन या. गाई दाखवू."

चाचांना न्यायचं राहूनच गेलं.

एका वर्षी मका काढणीला आला आणि अवकाळी पाऊस झाला. कणसं खळ्यावर होती. अण्णा आणि संगीतानं ताडपत्री ओढली, पाऊस थांबल्यावर सगळी कणसं पुन्हा उन्हात पसरली, दिवसातून दोनदा उलथली. नंतर ऊनही चांगलं पडलं. मी स्वतः तो मका पाहिला होता. हातात कणीस घेऊन दाणा दाताखाली फोडला, तर खटकन वाजला. वाळलेल्या मक्याची तीच खूण. त्यांनी तो कोठीत भरला.

पुढचा पावसाळा कोरडा गेला. आषाढात जे ढग आले ते तसेच निघून गेले. विहिरी खाली गेल्या, घास करपला, बांधावरचं गवत नाहीसं झालं. आमच्या बऱ्याच शेतकऱ्यांचं दूध निम्म्यावर आलं. अण्णांचं तेवढं उतरलं नाही, कारण त्यांच्याकडं घरचा मका होता. संगीता त्याचा भरडा करून गाईंना द्यायची, आणि चारा जसजसा कमी होत गेला तसतसं भरड्याचं माप वाढत गेलं. दूध कमी पण दाट येऊ लागलं. चाचांचा फोन आला, "मॅडम, ऐसा दूध तो मैंने मेरे अब्बा के जमाने में देखा था." मी त्या दिवशी केंद्रावर देवगावच्या कॅनमधलं पेलाभर दूध स्वतःसाठी काढून घेतलं आणि उभ्या उभ्या प्यायले. नाकाला उत्तम, जिभेला उत्तम.

त्याच सुमारास मंडळानं एक नवीन तपासणी सुरू केली. धान्यावर, पेंडेवर एक बुरशी येते. ती जे विष सोडते ते गाईच्या पोटातून दुधात उतरतं. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. उकळून जात नाही. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर वर्षानुवर्षांनी यकृतावर परिणाम होतो, लहान मुलांच्या बाबतीत तर जास्त जपावं लागतं. तपासायची पट्टी असते, दुधात बुडवायची. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर दूध चांगलं. दुसरी रेघ उमटलीच नाही तर दूध बाद.

देवगावच्या दुधात दुसरी रेघ उमटली नाही.

मी पट्टी खराब असेल म्हणून दुसरी घेतली. मग तिसरी. दुसऱ्या दिवशीचं दूध तपासलं. मग चाचांच्या कॅनसकट सगळं देवगावचं दूध अडवलं आणि गाडी घेऊन निघाले. रस्ताभर मी एकच आशा धरून होते की, अण्णांनी बाहेरून पेंड आणली असेल. नियम मोडला असेल. तसं असतं तर मला रागावता आलं असतं.

त्यांनी काही आणलं नव्हतं. मी पट्टीचं आणि बुरशीचं सांगितलं, तशी त्यांनी कोठी उघडली. वरची कणसं सोन्यासारखी होती. संगीतानं हात खाली घातला, आणखी खाली, आणि मधलं एक कणीस ओढून काढलं. दाण्यांच्या मुळाशी पोपटी भुकटी धरलेली होती. बाहेरून दाणा वाळला होता, पण आतल्या बुरकुंडात, म्हणजे कणसाच्या दांड्यात, ओल राहिली होती. ढिगाच्या पोटात ती उबली.

अण्णांनी कणीस हातात घेतलं, फिरवून बघितलं.

"ह्येच का?"

"हो अण्णा."

"दूध बाद?"

"सध्या बाद. हा मका बंद केला की चार-सहा दिवसांत दूध साफ होतं. गाईंना काही झालेलं नाही."

ते ऐकतच नव्हते. ओसरीवर ओवी वाटीतून दूधभाकरी खात बसली होती. अण्णांनी तिच्याकडं पाहिलं आणि मला विचारलं, "आन् हिला काय झालंय?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. एवढ्यानं काही होत नाही, पण डॉक्टरला दाखवून घेऊ. पुढं पाजू नका. संगीता उठली, तिनं लेकीच्या पुढची वाटी उचलली. ओवी रडायला लागली. अण्णा म्हणाले, "मी ह्याच हातानं पाजलंय बगा तिला रोज. धार काढली की पयला पेला तिचा."

ओवीला आम्ही शहरात नेऊन दाखवलं. तिची तब्येत ठणठणीत होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काळजीचं काही नाही म्हणाले. संगीतानं ते अण्णांना फोनवरून सांगितलं, परत आल्यावर पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, एवढंच.

मका फेकायचा होता. फेकायचा म्हणजे कुठं? गावात बातमी लागली तसे लोक आले. दुष्काळाचं वर्ष. एक म्हातारी म्हणाली, "अण्णा, वरवरचा तरी द्या की कोंबड्यांला." दुसरा म्हणाला, "माझ्या शेरडांला द्या. शेरडांचं दूध कोन पितंय?" अण्णा कुणाचंच ऐकेनात. कोठी रिकामी करून सगळा मका पडीक रानात नेऊन ओतला आणि पेटवला. मी तिथंच होते. आधी धूर निघाला आणि मग भाजलेल्या कणसांचा वास सुटला. अख्ख्या शिवारात तो वास पसरला. जत्रेत येतो तसा खमंग वास. लोक लांब उभे राहून बघत होते. एका बाईनं तोंडावर पदर धरला. अण्णा काठीनं कणसं जाळात लोटत राहिले, एकही कणीस अर्धं जळून राहू नये म्हणून.

आता गाईंना घालायचं काय? मिळत होती ती बाजारातली सरकी पेंड आणि साखर कारखान्याच्या पट्ट्यातून ट्रकनं येणारं उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याची हिरवी पानं. दोन्ही सेंद्रिय नव्हतं. आमच्या मंडळाचा नियम असा की, बाहेरचा चारा घातला की तो गोठा वर्षभर बाद. नियम चुकीचा नव्हता. पण दुष्काळात, परवानगी घेऊन, काही दिवस बाहेरचा चारा चालवता येतो, अशी सवलत सेंद्रिय शेतीत असते. ती आमच्याकडं द्यावी म्हणून मी मंडळाच्या अध्यक्षांकडं गेले.

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "मॅडम, एकाला दिली की सगळे मागतील. गिऱ्हाईक काय म्हणेल? समितीपुढं ठेवू."

"समिती कधी बसणार?"

"बसेल की."

समितीतले दोघं लग्नसराईत होते, एकजण मुलाकडं पुण्याला. दर आठवड्याला मी विचारायची, दर आठवड्याला ते पुढं जायचं.

तोवर अण्णांनी गाईंना सरकी आणि वाढं घातलं, आणि दूध गावच्या साध्या डेअरीत घालायला सुरुवात केली. मी पट्टी घेऊन गेले, तपासलं. दोन ठळक रेघा. दूध एकदम साफ. मला वाटलं, हे दाखवलं की अण्णांना बरं वाटेल. मी पट्टी त्यांच्या डोळ्यांपुढं धरली.

त्यांनी चष्मा लावून ती नीट बघितली. म्हणाले, "आज बरं हाय म्हनतीया ही. उद्याचं काय?"

"उद्या पुन्हा तपासू."

"तुम्ही किती दिस येनार, मॅडम? मी तर दाताखाली दाना फोडून बगितला व्हता. तुम्हीबी बगितला व्हता."

मी पट्टी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली.

त्यानंतर एके दिवशी संगीताचा फोन आला. ती कधी फोन करत नसे. "मॅडम, जरा येऊन जाता का? अण्णा गाईंला खाऊ देत नायत."

मी गेले तेव्हा अण्णा गव्हाणीपाशी बसले होते. समोर वाढ्याची मोळी सोडलेली. एक एक पान उचलून वास घ्यायचे, उन्हाकडं धरायचे आणि बाजूला टाकायचे. पेंडेचं पोतं उघडून अर्धं अंगणात पसरलं होतं. मी हातात घेऊन पाहिली, पेंड चांगली होती. गाई दाव्याला ताण देऊन हंबरत होत्या. त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या.

संगीता म्हणाली, "रोज असंच चाललंय. मी टाकते, ते काढतात. रात्री उठून मी लपून घालते, तर सकाळी शेणात बोट घालून बगतात, काय खाल्लं म्हनून."

मी अण्णांशेजारी बसले. म्हटलं, "अण्णा, हे सगळं चांगलं आहे. मी सांगते ना."

"तुमचं खरं असंल," ते म्हणाले. "पर माझा हात नाय म्हनतोय."

"तुमचा हात चुकला नव्हता. पावसानं केलं ते."

"पाऊस सगळ्यांवर पडला. लेकराला मी पाजलं."

गणेश शहरातून आला. तो इतके दिवस गाई विका म्हणत होता, पण त्या दिवशी तो तसं काही बोलला नाही. उलट बापाला म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अण्णा, दोन महिन्यांची तर गोष्ट हाय, पाऊस पडंल." त्या वेळी अण्णांनीच म्हटलं, "नगं. माझ्या दावनीला त्या उपाशी मरतील. ज्याचा हात चालतोय त्याच्याकडं जाऊ दे." पुढच्या बाजाराला गणेश गाई घेऊन गेला. संगीतानं सगळ्या गाईंना कुंकू लावलं. अण्णा त्या वेळी घरात नव्हते. जाळलेल्या मक्याची राख जिथं होती, त्या रानात जाऊन बसले होते, असं मला नंतर कळलं.

समिती बसली ती त्यानंतर. सवलत मंजूर झाली, माझं कौतुकही झालं. मी बाहेर येऊन संगीताला फोन लावला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बरं झालं मॅडम. बाकीच्यांला उपेगी पडंल." पडलीही. त्या वर्षी आमचे चार-पाच गोठे त्या सवलतीमुळं टिकले. दुसऱ्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि माणसांना सगळं विसरायला वेळ लागला नाही.

चाचांना मी जाऊन सांगितलं की, देवगावचं दूध आता कधीच येणार नाही. कारणही सांगितलं. "मैंने भी तो तारीफ की थी," एवढंच म्हणाले. मग फळीवरचा फिरनीचा मातीचा वाडगा माझ्यापुढं ठेवला. दुसऱ्या गावच्या दुधाची होती. चांगली होती.

मी पुष्कळ वेळा मनात तो दिवस उलटा फिरवून पाहिला आहे. पट्टी वापरली नसती तर? तर ओवी तेच दूध पीत राहिली असती, आणि तिच्यासारखी शहरातली किती मुलं. त्यामुळं दुसरं काही करता आलं असतं, असं मला आजही म्हणता येत नाही. जे खरं होतं ते सांगायलाच हवं होतं. पण ते ज्याला सांगितलं तो माणूस त्यातून उठला नाही, आणि तो आमच्यातला सगळ्यात काळजीनं चारा घालणारा माणूस होता. कुणी हयगयीनं वागला असता तर त्याला एवढं लागलंच नसतं. अशी माणसंही मी पाहिली. पट्टी बाद निघाली की हसून म्हणायची, "बरं, उद्या दुसरं पोतं फोडतो."

नोकरी संपल्यावरही मी वर्षातून एखाद्या वेळी देवगावला जाते. संगीता आता कापूस, मका करते. मका काढला की गावातल्या बायका तिला बोलावतात. ती कणसं फोडून बुरकुंड बघते, पुन्हा पसरा म्हणून सांगते. ओवी शाळेत उंच मुलींच्या रांगेत उभी राहते. ओसरीवर आम्ही दोघी बसतो, पाऊसपाण्याचं बोलतो. अण्णा दिसत नाहीत. पहिल्या एक-दोन वेळा मला वाटलं, रानात गेले असतील. मग एकदा आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, आणि मी संगीताकडं पाहिलं.

तिनं लपवलं नाही. म्हणाली, "मॅडम, तुमच्यावर राग नाय हो त्यांचा. कदी एक शबूद वाईट बोलले नायत. उलट म्हन्तात, बाईनं माझी नात वाचिवली. पर तुमच्या गाडीचा आवाज आला की, आत जाऊन बसतात."

मी चहा संपवला. तिला म्हटलं, "मी येत जाऊ नको का?"

"येत जा की," ती म्हणाली. "तुम्ही गेल्यावर बाहीर येतात. इच्यारतात, मॅडम काय म्हन्ल्या, बऱ्या हायत का."

म्हणून मी जाते. फार वेळ बसत नाही. निघताना संगीताला मोठ्यानं सांगते की माझं सगळं बरं आहे, गुडघे तेवढे दुखतात. मग गाडी सुरू करते. मळ्याच्या वळणापर्यंत गेलं की अंगण दिसतं, पण मी मागं वळून बघत नाही.